सव्वादोन इंच

घड्याळ बंद पडलं तेव्हा कॅप्टन कुडमेथे म्हणाले,
वेळ मले माहीत असते, काढून टाक ते.
काढलं. पॅनलमध्ये गोल भोक उरलं,
सव्वादोन इंचाचं.
त्यातून मागच्या तारा दिसायच्या,
एकदा तर उंचीमापकाच्या पाठीशी
पालीचं शेपूट.

त्या भोकात काय बसवायचं
यात आमचा अख्खा उन्हाळा गेला.

काहीच नको, हे कॅप्टनचं पहिलं मत.
वर्धा नदी डाव्या हाताला धरायची,
खाणीचा काळा चट्टा आला की थोडं उजवीकडे,
मग सिमेंटवाल्यांची चिमणी, मग आपण.
तीस वर्षं हेच.
पण फाल्गुनात जंगल पेटलं होतं,
खाली नुसता धूर,
आणि धुरातून चट्टा दिसला तो भलत्याच खाणीचा,
गेल्याच साली उघडलेल्या.
उतरले तेव्हा टाकीत जे उरलं होतं
त्याला पेट्रोल म्हणणं म्हणजे भलेपणा.
रात्री चहाचा कप बशीत ठेवत विचारलं,
तशा यंत्राले किती पडतात गं?

नागपूरहून तीन आणली, परतीच्या बोलीवर.

एक देखणं, ताटाएवढं,
डोंगर हिरवे, तलाव निळे.
त्यासाठी पॅनल कापावं लागणार होतं.
बावीस वर्षं मी हे पॅनल पुसते आहे.
म्हटलं, करवत दुसऱ्या कोणाच्या हाती द्या.

दुसरं काचेला रबरी बुचानं चिकटवायचं.
स्वस्त. बोट लावलं की नकाशा सरकतो,
मात्र ओलं बोट त्याला ओळखू येत नाही,
आणि इंजिनामागं बसून कोरडं बोट
कॅप्टननं आणायचं कुठून?
शिक्क्याचा कागदही नव्हता त्याच्याकडे.

तिसरं बुटकं, गोल.
एक घुंडी, दोन खटके.
नकाशा नाही. बाण, अंतर,
आणि किती मिनिटं राहिली ते.

मेच्या दुपारी अडीच वाजता
हँगरच्या पत्र्यावर तिन्ही ठेवली,
पापड वाळत घालावेत तशी.
छेचाळीस होतं त्या दिवशी.
ताटाएवढं काळंठिक्कर पडलं.
रबरी बूच सुटून दुसरं घरंगळत निघालं,
ते इस्तारीनं खाली दुपट्ट्यात झेललं.
तिसरं दाखवत राहिलं. जरा पुसट, खरं सांगायचं तर.

कॅप्टननं ते हातात घेतलं, लांब धरलं,
जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.
अक्षरं बारीक आहेत, मी म्हटलं.
अक्षरं बराबर आहेत, ते म्हणाले,
आणि सोमवारी चंद्रपूरला जाऊन
नवा चष्मा करून आले.
त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही.

चार स्क्रूंत बसलं.
भोकाला जणू माहीत होतं.

मग अडलं ते असं, की त्याच्या पोटात
मुंबई होती, नागपूर होतं, कुठली कुठली परदेशं होती,
आमची धावपट्टी नव्हती.
उत्तर वीस अंश सात मिनिटं,
पूर्व अठ्ठ्याहत्तर अंश अठ्ठावन्न,
मी घुंडी फिरवून एकेक आकडा भरला.
खाली नाव मागत होतं.
इंग्रजी अक्षरं, आणि तीही पाचच.
गावाचं नाव मावेना.
कंपनीचं मावलं असतं, पण कॅप्टन म्हणाले, कायले?

विमान येताना ऐकून
सायकलवर शिट्टी फुंकत
पट्टीवरच्या शेळ्या हाकलतो तो इस्तारी.
त्याचं भरलं.
शेवटचं अक्षर गळालं, इस्तार झालं.

आता परतताना आठ हजार फुटांवरून
धूर असो, ढग असो,
बाण इस्तारकडे वळतो,
नऊ मैल, सहा मैल, चार.

त्याला दाखवलं मी, बसवून, सीटवर.
त्यानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं,
बराच वेळ बाणाकडे पाहिलं.
म्हणाला, पण मी तं दिवसभर हिंडतो नं, बाई,
यात एकाच जागी कसा?

मग शेळ्या आल्या, आणि तो उठून गेला.